दौलतबुवांच्या तेरवीला

आमच्या घरी कोपरा फाडलेले कार्ड आले की ते उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. बाहेरच वाचायचे, फाडायचे आणि हातपाय धुऊन आत यायचे. हा नियम आईचा आहे आणि आईच्या नियमांना आमच्या घरात अपील नाही. पोस्टमनने कार्ड दिले तेव्हा मी पायरीवर उभा होतो आणि आई माझ्या मागे. मी मोठ्याने वाचू लागलो, ‘बोरखेडीचे दौलतबुवा परवा गेले.’ एवढे शब्द तोंडातून बाहेर पडतात तोच आईने कार्ड माझ्या हातातून ओढले, त्याचे चार तुकडे केले आणि गटारात टाकले. कार्डावर आणखी तीन-चार ओळी होत्या. ‘बाड’ हा शब्द मला त्यात ओझरता दिसला होता. तेवढ्यानेच मी घाबरलो.

का घाबरलो ते सांगितल्याशिवाय या प्रवासाचे काहीच सांगता यायचे नाही. मी नाशिकच्या एका छापखान्यात जुळारी आहे, म्हणजे खिळे जुळवून मजकूर उभा करणारा. तीन वर्षांपूर्वी मावसभावाच्या लग्नासाठी वऱ्हाडात कारंज्याला गेलो होतो. तिथे मांडवात मी दौलतबुवांना पहिल्यांदा ऐकले. उंच, काळेशार, एका डोळ्याने अधू. हातात चिकारा, म्हणजे सारंगीची खेड्यात वाढलेली धाकटी बहीण म्हणा. पदे त्यांची स्वतःचीच, आणि शेवटच्या ओळीत ‘दौलत म्हणे’ अशी छाप. कापूस, बैल, सासुरवाशिणी, देव, सगळे त्यांच्या पदांत एका पंगतीला बसत. मी दोन दिवस त्यांच्या मागे मागे फिरलो आणि शेवटी म्हणालो, ‘बुवा, ही पदे छापू या.’

बुवा माझ्या काळ्या बोटांकडे बघून म्हणाले, ‘तुमी अक्षरं उलटी वाचता म्हने. मंग माही पदं सुलटी कशी छापान?’ तरी जाताना त्यांनी लाल कापडात बांधलेले बाड माझ्या हातात ठेवले. सबंध आयुष्याचे एकच बाड. मी नमुना म्हणून त्यातले एक पद जुळवून मालकांना दाखवले. मालक म्हणाले, कागद मिळत नाही, पुढच्या वर्षी बघू. मी बाड घरच्या पेटीत ठेवले. पावसाळ्यानंतर पेटी उघडली तेव्हा वाळवीने आपले काम उरकले होते. पानांच्या डाव्या कडा तेवढ्या शिल्लक होत्या, बाकी सगळी माती.

मी ते बुवांना कळवले नाही. त्यांची पत्रे येत आणि मी उत्तर लिही, ‘बाड छापखान्यात आहे, काम चालू आहे.’ एकदा नाही, चार वेळा. आता बुवा गेले होते आणि कार्डात बाडाविषयी काहीतरी लिहिले होते. दुसरे काय असणार? तेरवीला बाड घेऊन या, असेच असणार. मी तेरवीला येतो म्हणून बोरखेडीला कार्ड टाकले आणि वाळवीचे उष्टे त्याच लाल कापडात बांधून निघालो.

मूर्तिजापूर ते कारंजा

नाशिककर वऱ्हाड बघतो तो नागपूरला जाताना, डब्याच्या खिडकीतून, आणि तोही बहुधा झोपेत. मूर्तिजापूरला उतरणारा त्या दिवशी मी एकटाच होतो. तिथून कारंज्याकडे जाणारी छोटी गाडी उभी होती. ही गाडी इतकी सावकाश चालते की एक गृहस्थ मध्येच उतरून शेजारच्या शेतातून तुरीच्या शेंगा तोडून परत डब्यात आले आणि त्यांना धावावेही लागले नाही. शेंगा त्यांनी सगळ्या डब्यात वाटल्या. आमच्याकडे शेजाऱ्याच्या कुंपणातला कढीपत्ता तोडला तरी तीन पिढ्यांचा उद्धार होतो, म्हणून मी भीत भीत विचारले, ‘शेत तुमचंच का?’

‘नाई जी,’ ते शेंग सोलत म्हणाले, ‘पन तो बी माह्या वावरातल्या खातेच ना.’

दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. बायका लुगड्याचा पदर कमरेला खोचून ओटी करत होत्या आणि वेचलेला कापूस तीत भरत होत्या. ओट्या फुगून त्या सगळ्या लेकुरवाळ्या होऊ घातल्यासारख्या दिसत. त्यांच्यातली एक काहीतरी म्हणत होती आणि बाकीच्या मागून ओढत होत्या. गाडीच्या चालीमुळे मला सबंध कडवे ऐकू आले. शेवटी आले, ‘दौलत म्हणे.’ मी खिडकीकडे तोंड वळवले आणि रडलो. कार्ड आल्यापासून मला बाडाची इतकी भीती वाटत होती की बुवा गेल्याचे दुःख करायला जागाच उरली नव्हती. ते दुःख त्या बाईने मला दिले.

शेंगावाल्यांनी थोड्या वेळाने आणखी चार शेंगा माझ्या मांडीवर ठेवल्या, एवढेच.

मानोरा

कारंज्याहून मानोऱ्याला मोटार जाते. जाते म्हणजे निघते. आमची वाटेत एका नाल्यापाशी बसली ती संध्याकाळपर्यंत. ड्रायव्हरने प्रवाशांचे तांबे गोळा केले, नाल्यातले पाणी इंजिनात ओतले, तेही गळून गेले. मग सगळे खाली उतरून बांधावर बसले. कुणी भाकरी सोडली, कुणी ठेचा. एका आजीने माझ्या हातावर ज्वारीची भाकर आणि तिच्यावर अंबाडीची भाजी ठेवली. ती इतकी आंबट होती की माझा डावा डोळा आपोआप मिटला. आजी म्हणाली, ‘काहून, तुमच्या नाशकात अंबाडी नाई का?’ मी म्हटले, आमच्याकडे द्राक्षे असतात. ती म्हणाली, ‘मंग काय खाता बिच्चारे.’

मानोऱ्याला पोचलो तेव्हा पुढे जाण्याची सोय नव्हती. देवळाच्या ओवरीत पडून राहिलो. सकाळी बाहेर आलो तर कडुनिंबाखाली एक दमणी, म्हणजे इकडची हलकी बैलगाडी, सोडलेली आणि बैल रवंथ करत बसलेले. दमणीवाला उठून जवळ आला. ‘नाशिकचे पाव्हणे ना? मी उकंडा. बुवाच्या मागं झील धरत होतो पंधरा वर्सं. कालपासून बसून हावो इथं.’

मी मोटारीची तक्रार केली, पण त्याचे लक्ष माझ्या बगलेतल्या लाल गाठोड्याकडे होते. त्याने दोन्ही हातांनी ते घेतले, कपाळाला लावले आणि परत दिले. ‘आनलं. बरं झालं. गावाचा जीव टांगला होता.’

दमणी पोहरादेवीच्या वाटेला लागली. तिकडे दर्शनाला निघालेली दोन-तीन कुटुंबे पायी चालली होती. उकंड्याने त्यांना रामराम केला आणि मला काय ते समजावून सांगितले. त्यांच्या भजनी मंडळात चाल अशी की बुवा गेला की तेरवीला त्याचे बाड चौरंगावर ठेवायचे. ज्याच्या हातात ते बाड देतात त्याला पागोटे बांधतात आणि तो पुढचा बुवा. बाड नसलेला कितीही गोड गळ्याचा असो, तो झीलकरी, मागून सूर ओढणारा.

‘आता बुवाचे दोन चेले,’ उकंडा म्हणाला. ‘पुंडलिक म्हनते बाड माहं, किसन म्हनते माहं. बारा दिवस झाले, गाव आर्धं इकडे, आर्धं तिकडे. पुंडलिकच्या बायकोनं किसनच्या घरचं विरजन घेनं बंद केलं. आता तुमी बाड ठेवान चौरंगावर, पंच निवाडा करतीन, मंग मिटलं.’

‘आणि बाड नसतं तर?’ मी विचारले.

उकंडा हसला. ‘नसतं त काय, डोकी फुटली असती जी.’

त्यानंतर बोरखेडी येईपर्यंत मी गाठोडे दोन्ही हातांनी धरून बसलो. बैलांच्या घुंगरांचा आवाज मला फार मोठा वाटत होता. खरे सांगतो, एका वळणावर उडी टाकून तुरीत शिरावे आणि नाशिक गाठावे असेही मनात येऊन गेले.

बोरखेडी

आम्ही पोचलो तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता आणि अंगणातल्या मांडवात लोक कधीचे बसले होते. तेरा दिवस त्या घरात फोडणी पडली नव्हती. आमच्याकडेही तसेच असते. पण इथे शेजारच्या घरांनीही बुवांसाठी कढई चढवली नव्हती आणि हे मी आमच्याकडे पाहिलेले नाही. सबंध आळीला तेलाचा वास नव्हता. चौरंगावर पांढऱ्या धोतरात झाकलेला चिकारा होता. त्याच्या शेजारची जागा रिकामी होती आणि ती कशासाठी आहे हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

उजवीकडे पुंडलिक, लठ्ठसा, घामाघूम. डावीकडे किसन, काटकुळा, जबडा आवळून बसलेला. दोघांच्या मागे आपापली माणसे. बायका ओसरीवर, त्यांच्यात बुवांच्या पत्नी गंगामाय. बुवांचा पुतण्या नामदेव शाळामास्तर आहे, त्यानेच मला कार्ड लिहिले होते. तो पुढे आला आणि माझा हात धरून म्हणाला, ‘तुमी आले, हेच लय झालं.’ मला ते टोमण्यासारखे लागले.

एक वृद्ध पंच म्हणाले, ‘ठेवा जी बाड.’

मी गाठोडे सोडले. कापडातून आधी माती पडली. मग कागदाच्या चिंधड्या, बोटभर रुंदीच्या. ओसरीवरच्या बायका वाकून बघू लागल्या. मी हात जोडले आणि जे तीन वर्षे लिहिता आले नव्हते ते एका दमात सांगितले. वाळवी, पेटी, चार पत्रे, चार खोटी उत्तरे. काही झाकले नाही. मार पडला तरी चालेल, पण हे ओझे आता परत नाशिकला न्यायचे नाही असे मी ठरवले होते.

‘हे काय केलं हो तुमी?’ पुंडलिक म्हणाला. त्याचा आवाज रडवेला होता.

किसन उभा राहिला. ‘तीन वर्सं आमी नाशिकच्या दिशेनं हात जोडून राह्यलो, अन् तिथं उधई जेवून राह्यली होती?’

‘बस रे किसन,’ ओसरीवरून आवाज आला. गंगामाय उठल्या नव्हत्या, जागेवरूनच बोलत होत्या. ‘त्यायले मालूम होतं.’

सगळ्यांची तोंडे तिकडे वळली.

‘तुमची दुसरी चिठ्ठी आली तवाच ते म्हनले, गंगे, त्या भल्या मानसानं बाड घालवलं. मी म्हनलं, काहून? ते म्हनले, माह्या अक्षरातला शबूद न शबूद लोक मले पुसतात, बुवा हे काय लिवलं, ते काय लिवलं. हा छापनारा मानूस, अन् यानं एक बी शबूद पुसला नाई. ज्याच्यापाशी बाड असन तो पुसल्याबिगर राहीन का?’

तीन वर्षे मी स्वतःला मोठा चतुर समजत होतो.

‘रागावले होते का?’ मी विचारले.

‘एक दिवस जेवले नाई,’ गंगामाय म्हणाल्या. ‘दुसऱ्या दिवशी हासले. म्हनले, बरं झालं. बाड राह्यलं असतं त पुंडलिक-किसन भावाभावावानी तोडून खाल्लं असतं. त्यापक्षा उधई बरी, तिचं पोट त भरलं. मले सांगून गेले, गावाले तेरवीच्या दिवशीच सांगजो, आंधी नोको.’

कुणीतरी हसले. मला वाटते उकंडा असावा. मग नामदेव माझ्याकडे वळून अगदी गोंधळून म्हणाला, ‘पन भाऊ, तुमी एवढे भेले काहून? काकीनं सांगतलं तसं मी त कार्डात सारं लिवलं होतं, गावात तेवढं बोललो नाई. बुवांना बाडाचे समजले होते, मनात काही ठेवू नका, लांबचा प्रवास आहे, न आल्यास आमचा राग नाही.’

मला आईचा हात आठवला, चार तुकडे आठवले आणि नाशिकचे गटार आठवले. मी त्यांना खरे ते सांगितले. कोपरा फाडलेले कार्ड आमच्या आईने पहिल्या ओळीलाच फाडले. ओसरीवरून एक आजी लगेच म्हणाली, ‘बराबर केलं तिनं. असं कारड घरात ठेवत असते का?’ आणि मग मांडवात हसू पसरले. तेरवीच्या मांडवात हसणे आमच्याकडे कुणी खपवून घेतले नसते. इथे गंगामायच पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होते. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. मला एकाएकी सपाटून भूक लागली.

पागोट्याचा प्रश्न मात्र उरलाच होता. पंच एकमेकांकडे बघू लागले. गंगामाय म्हणाल्या, ‘पागोटं चिकाऱ्याले बांधा. अन् तुमी दोघं या असे समोरासमोर. पदं गोया करा आंधी.’

मग जे झाले ते मी माझ्या आयुष्यात पाहिलेले सर्वांत चांगले मुद्रितशोधन होते. मी चिंधड्या एकेक उचलायचो आणि डाव्या कडेवर उरलेले दोन-तीन शब्द वाचायचो. मांडवातून कुणीतरी ओळ पुरी करायचे. पुंडलिकला पहिले कडवे येई, तर किसनला तिसरे. मधले कुठल्यातरी म्हातारीला, कारण बुवांनी ते तिच्या मुलीच्या बारशाला म्हटलेले. नामदेव शाळेच्या वहीत लिहून घेत होता. पुंडलिक आणि किसन सुरुवातीला एकमेकांकडे न बघता बोलत होते. चौथ्या पदाला किसन म्हणाला, ‘ते कडवं आंधी नाई, मांगून येते.’ पुंडलिक म्हणाला, ‘हो, तुहं बराबर हाये.’ बारा दिवसांत ते एकमेकांशी बोललेले हे पहिले वाक्य, असे उकंड्याने माझ्या कानात सांगितले. मधल्या वेळात स्वैपाकाकडून तेलात वडे पडल्याचा आवाज आला आणि तेरा दिवसांनी त्या आळीत तेलाचा वास दरवळला.

शेवटच्या चिंधीवर ‘बोंड’ एवढाच शब्द होता. मी तो वाचला. पुंडलिकने मान हलवली. किसन म्हणाला, ‘हे पद बुवांनी आमाले नाई दिलं.’

‘आखरीचं असंन,’ नामदेव म्हणाला. ‘बाड देलं त्या हप्त्यातलं. त्यानंतर ते नवं काही बोललेच नाईत.’ त्याने वहीत एक रेघ मारून जागा मोकळी सोडली.

आणि माझी बोटे हलू लागली. खरेच हलू लागली, मांडीवर, खिळे उचलल्यासारखी. मालकांना दाखवायला मी जे एक पद जुळवले होते ते हेच. जुळारी डोक्याने पाठ करत नाही, त्याचे हात पाठ करतात. मी डोळे मिटले, समोर खिळ्यांचे खण आणले आणि एकेक अक्षर उचलत बोलत गेलो.

‘बोंड उकललं, रान हासलं,
हळू वेच, बाई, हळू वेच.
काटा लागला, दोष ना त्याला,
घाई होती, बाई, तुझीच.
दौलत म्हणे, गळलं ते गळलं,
उरलं ते ओटीत घेच.’

नामदेवची लेखणी थांबली. पुंडलिक हळूच म्हणाला, ‘शबूद भेटले. पन चाल कोनाले मालूम?’

मला चाल ठाऊक नव्हती. खिळ्यांना चाल नसते.

तेव्हा ओसरीवर गंगामाय गुणगुणू लागल्या. आधी नुसतेच, शब्दांवाचून. उकंड्याने नंतर सांगितले की चाळीस वर्षांत त्यांना गाताना गावात कुणी ऐकले नव्हते. त्या म्हणाल्या, ‘गोठ्यात दूध काढता काढता हेच घोयत होते ते. मी पुसलं, हे काय होय? म्हनले, याचे शबूद मी नाशकाले पाठवले.’ मग त्यांनी माझ्या तोंडून एकेक ओळ घेतली आणि त्या चालीवर म्हटली. माझा आवाज फाटका, त्यांचा थकलेला. दुसऱ्यांदा किसनने चिकाऱ्यावरचे धोतर बाजूला केले आणि पुंडलिककडे बघितले. पुंडलिकने मान डोलावली. किसनने गज ओढला, पुंडलिकने वरचा सूर धरला आणि उकंड्याने झील. मी थांबलो. आता माझी गरज नव्हती आणि याचे मला किती बरे वाटले ते सांगता येत नाही.

नाशिक

परतीच्या प्रवासात मोटार एकदाही बंद पडली नाही, म्हणून त्याचे काही सांगण्यासारखे नाही. पागोटे शेवटी चिकाऱ्यालाच बांधले आणि लाल कापड मी बोरखेडीलाच ठेवून आलो. नामदेवची वही त्यात बांधली आहे आणि ती पाळीपाळीने एक महिना पुंडलिककडे, एक महिना किसनकडे राहते. पंचांनी मला दोन्ही घरी जेवायला लावले. दोन्हीकडे वडे होते आणि दोन्हीकडे मी पोटभर खाल्ले.

घरी आलो तेव्हा आई पायरीवरच बसली होती. मी हातपाय धुतले आणि तिला सगळे सांगितले. शेवटी मी जरा चढ्या आवाजातच म्हणालो, ‘आई, त्या कार्डात सगळं लिहिलं होतं. बुवांना कळलंय, काळजी करू नको, आला नाहीस तरी चालेल. तू ते फाडलंस म्हणून मी तीन दिवस जिवाला घोर लावून फिरलो.’

आई तांदूळ निवडत होती. तिने सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला.

‘आणि सबंध वाचलं असतंस तर गेला असतास का?’ ती म्हणाली.

मी खरे तेच सांगितले. नसतो गेलो.